बार्शी लाईट: २१ मैल, अडीच फूट आणि पाच टन

फिशप्लेट:
बार्शी लाईटचा, म्हणजे बार्शीच्या जुन्या अडीच फुटी रेल्वेचा, विषय निघाला की चालत्या गाडीतून उतरून ऊस मोडून परत चढल्याचे विनोद सुरू होतात. ते बाजूला ठेवू. लाईन कशी बांधली, तशीच का बांधली आणि पुढे तिचं काय झालं एवढ्यासाठी हा धागा. आठवणींसाठी वेगळा धागा काढावा, ही विनंती.

सुरुवातीचा सांगाडा असा. जीआयपीची (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) मुंबई–सोलापूर–रायचूर मुख्य लाईन बार्शीला न शिवता दक्षिणेकडून गेली. बार्शीसाठी ठेवलेलं स्टेशन २१ मैलांवर, म्हणून त्याचं नाव बार्शी रोड. आजचं कुर्डुवाडी ते हेच. बार्शी ही कापूस, गळित आणि धान्याची पेठ, शिवाय पूर्वेला लागूनच निजामाचा मुलूख, त्यामुळे तिकडचा मालही बार्शीतच उतरायचा. तिथून पुढे तो बैलगाडीने मुख्य लाईनवर न्यायचा. भरलेली गाडी असेल तर वाटेत मुक्काम ठरलेला, आणि पावसाळ्यात काळ्या मातीतून चाक निघालं तर नशीब.

एव्हरार्ड कॅल्थ्रॉप हा जीआयपीत लोकोमोटिव्ह इन्स्पेक्टर होता. मुख्य लाईनला पेठा जोडणाऱ्या स्वस्त उपलाईनी हव्यात, हे त्याने १८८७च्या सुमाराला मांडलं. पुढे नोकरी सोडून तो याच उद्योगाला लागला. १८९५ मध्ये लंडनला बार्शी लाईट रेल्वे कंपनी स्थापन झाली, कॅल्थ्रॉप तिचा सल्लागार इंजिनिअर झाला आणि १८९७ मध्ये बार्शी रोड–बार्शी टाऊन सुरू झाली. त्यानंतर १९०६ मध्ये कुर्डुवाडीहून पंढरपूर, १९०७ मध्ये बार्शीहून तडवळे, १९११ मध्ये लातूर आणि १९२७ मध्ये पंढरपूरहून मिरज. मिरज ते लातूर मिळून २०२ मैल, म्हणजे ३२५ किलोमीटर. १९५४ मध्ये सरकारने ती विकत घेतली.

मला बोलायचं आहे ते मुख्यतः पहिल्या २१ मैलांबद्दल, कारण सगळा विचार तिथे झाला. बाकीची लाईन त्याच साच्यातून निघाली. या लाईनबद्दल सगळे अडीच फुटी गेजचं (दोन रुळांमधलं अंतर) कौतुक करतात. माझ्या मते गेज ही दुय्यम गोष्ट. खरा आकडा आहे पाच टन.

लोको_शेड:
धागाकर्त्याशी सहमत. पाच टनांचं जरा उलगडून सांगतो.

कॅल्थ्रॉपने ठरवलं ते असं: या लाईनवर धावणाऱ्या कुठल्याही वाहनाच्या कुठल्याही ॲक्सलवर (दोन चाकं जोडणारा आस) ५ टनांपेक्षा जास्त वजन येता कामा नये. इंजिन असो, भरलेला मालडबा असो की प्रवासी डबा, सगळ्यांना एकच मर्यादा. आज ऐकायला साधं वाटतं. त्या काळी मात्र रिवाज उलटा होता. इंजिन जड, डबे हलके, आणि रूळ निवडायचा तो इंजिनाचा सगळ्यात जड ॲक्सल बघून. म्हणजे दिवसातून दोन-चार वेळा जाणाऱ्या एका इंजिनासाठी अख्ख्या लाईनभर जाड रुळाचे पैसे मोजायचे, आणि डब्यांनी त्या रुळाची ताकद कधी वापरायचीच नाही.

पाच टन धरल्यावर दर यार्ड लांबीला ३० पौंड वजनाचा रूळ पुरला. आजच्या मापात मीटरला साधारण १५ किलो. हिशेब करा: २१ मैल म्हणजे ३३.८ किलोमीटर, गुणिले दोन रूळ, गुणिले १४.९ किलो. जेमतेम १००० टन लोखंड. हीच लाईन ८० पौंडी रुळाने केली असती तर २७०० टनांच्या आसपास. हा सगळा माल विलायतेहून बोटीने येणार, मग बंदरातून कुर्डुवाडीपर्यंत त्याचं भाडं. फरक फक्त रुळात पडत नाही. पुलांचे गर्डर, मोऱ्या, स्लीपरचा (रुळाखालचा आडवा आधार) आकार, खडीची जाडी, सगळं त्याच आकड्यावर उतरतं.

मग एवढ्या हलक्या ॲक्सलवर ओढायची ताकद आणायची कुठून? ॲक्सल वाढवून. लीड्सच्या किटसन कंपनीने ०-८-४ टँक इंजिनं (पाण्याची टाकी इंजिनावरच) दिली, सुरुवातीची पाच. पुढे मोकळी चाकं नाहीत, मधे जोडलेली आठ चाकं, मागे चार चाकांची बोगी. सहा ॲक्सल गुणिले पाच, म्हणजे पूर्ण भरलेलं इंजिन ३० टनांच्या आत. त्यातले चार ॲक्सल ओढणारे, म्हणजे पकडीला २० टन मिळतात.

कोरड्या रुळावर पकड एक पंचमांश धरली तर ओढ ४००० किलो. १०० फुटांत १ फूट चढ असेल तर टनामागे १० किलो चढाचे आणि ५ किलो घर्षणाचे, एकूण १५. भागाकार केला तर २६६ टन. इंजिनाचे ३० वजा करा, मागे साधारण २३५ टन, म्हणजे २० टनांचे ११ भरलेले डबे. चढ ५०ला १ झाला की टनामागे २५ किलो लागतात आणि डबे येतात सहावर. हा कागदावरचा हिशेब आहे. रूळ ओला असला, त्यावर दव किंवा चिरडलेला पाला असला की पकड पार घसरते. म्हणूनच वाळूच्या नळ्या असतात, आणि त्यातली वाळू भट्टीवर भाजून कोरडी केलेली असावी लागते. ओली वाळू नळीत गठ्ठा होऊन बसते आणि नेमकी चढावर दगा देते.

टँक इंजिनाचा आणखी एक गुण: मागे-पुढे दोन्हीकडे सारखंच धावतं, टर्नटेबल (इंजिन फिरवायचं चक्र) लागत नाही. तोटा असा की टाकीतलं पाणी संपत जातं तसं ओढणाऱ्या चाकांवरचं वजन कमी होतं, पकडही उतरते. जड गाडी घेऊन चढाला लागायच्या आधी पाणी भरून घ्यायचं ते एवढ्यासाठी.

शेंगाचटणी:
एक मूलभूत शंका. एवढाच स्वस्ताईचा विचार होता तर मीटरगेज का नाही? देशात मीटरगेजचं जाळं तेव्हाही मोठं होतं. डबे, इंजिनं तयार मिळाली असती.

फिशप्लेट:
@शेंगाचटणी, मीटरगेजचा फायदा तेव्हाच जेव्हा शेजारी दुसरी मीटरगेज असते. कुर्डुवाडीला जीआयपीची ब्रॉडगेज होती, १६७६ मिलिमीटर. माल उतरवून चढवायचा तो मीटरगेजमध्येही चढवावाच लागला असता. मग मधल्या मापाचे पैसे कशाला घालायचे? ७६२ मिलिमीटरमध्ये, म्हणजे अडीच फुटांत, वळणं आवळून घेता येतात, त्यामुळे भराव आणि खोदकाम कमी होतं.

हेही खरं की रुंदी कमी म्हणून डबा लहान, हे त्याने मानलंच नाही. मालडबे सगळे एकाच मापाच्या सांगाड्यावर: २५ फूट लांब, ७ फूट रुंद. अडीच फुटी रुळावर सात फुटी डबा! सांगाडा दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचा. रिव्हेट मारलेल्या जाड अँगलपेक्षा तो कितीतरी हलका पडतो. चार ॲक्सल गुणिले पाच, एकूण २० टन. रिकामा डबा ५ टनांच्या आसपास ठेवता आला तर १५ टन माल बसतो, म्हणजे वजनाच्या तीन चतुर्थांश भाडं कमावणारं. उपलाईनीला आधी पैसे कमी मिळतात, त्यात अर्धी ताकद रिकामं लाकूड-लोखंड ओढण्यात गेली की झालाच व्यवहार.

इंजिन आणि डबे बोटीवर चढवण्याआधी त्याने लीड्सजवळ न्यूले इथे रूळ टाकून सगळं चालवून दाखवलं. आवळ वळणं, चढ, हलका रूळ, सगळं मुद्दाम तयार केलेलं. बघायला रेल्वेवाले आणि लष्करी खात्याचे लोक. त्यामुळे ही लाईन बार्शीत धावायच्या आधीच इंग्लंडच्या इंजिनिअरांमध्ये गाजली होती.

गाठवाला:
सगळं मान्य, पण तुम्ही दोघं पाच टनांच्या प्रेमात कुर्डुवाडीचा फलाट विसरताय. या लाईनची दुखरी नस तिथे होती, आणि ती पहिल्या दिवसापासून होती.

कापसाचा हिशेब घ्या. पक्की दाबलेली गाठ ३९२ पौंडांची, म्हणजे १७८ किलो. दोन गाठींची एक खंडी, ७८४ पौंड. १५ टनांच्या डब्यात वजनाने ८५ गाठी बसतात. पक्क्या गाठीला साधारण १० घनफूट जागा लागते, तेव्हा जागेच्या हिशेबानेही २५ बाय ७ फुटांच्या डब्यात ८५ गाठी आरामात मावतात. हाच कापूस सैल बोद्र्यांत (मोठ्या पोत्यांत) भरला तर डबा गळ्यापर्यंत भरतो आणि वजन मात्र निम्म्यावरही जात नाही. म्हणूनच जिनिंग-प्रेसिंग रुळाच्या त्या टोकाला, पेठेच्या गावात असावं लागतं. अशा लाईनीमागे पेठेत प्रेसं का उभी राहतात त्याचं उत्तर या घनफुटांत आहे.

आता दहा डब्यांची गाडी कुर्डुवाडीला आली. ८५० गाठी. प्रत्येक गाठ आकड्याने ओढून, दोघा-तिघा हमालांनी लोटून, ब्रॉडगेजच्या डब्यात लावायची. हे नीट करायचं तर बदली फलाट लागतो: एका बाजूला नॅरोगेज, दुसऱ्या बाजूला ब्रॉडगेज, मधे एवढीच रुंदी की गाठ सरळ लोटता यावी. ब्रॉडगेज डब्याची फळी रुळापासून जास्त उंच असते, तेव्हा नॅरोगेजचा रूळ तेवढा उचलून घ्यावा लागतो. दोन्ही फळ्या एका पातळीत आल्या नाहीत तर प्रत्येक गाठ उचलावी लागते आणि हमाली दुप्पट होते.

बिघडतं काय काय ते सांगतो. ब्रॉडगेजचे रिकामे डबे वेळेवर मिळाले नाहीत तर माल फलाटावर पडून राहतो, नॅरोगेजचे डबे अडकतात, आणि तिकडे बार्शीत भरायला डबा नसतो. गाठीचा पत्रा तुटला की गाठ फुगते, परत प्रेसला नेल्याशिवाय डब्यात जात नाही. आकडे लावून पोती फाटतात, धान्य सांडतं, आणि तूट कुणाच्या नावावर टाकायची यावर दोन रेल्वे भांडतात. आगीचं तर विचारूच नका. धुराड्यातली ठिणगी गाठीत शिरली तर ती बाहेरून दिसत नाही, आत दोन-दोन दिवस धुमसते. त्यासाठी धुराड्याला जाळी, कापसाचे डबे इंजिनापासून लांब, उघड्या डब्यावर ताडपत्री आणि ताडपत्रीच्या कडा घट्ट बांधलेल्या. कडा फडफडली की ठिणगीला वाट मिळाली.

मुद्दा असा की २१ मैलांच्या प्रवासात तुम्ही पाच टनांनी जे वाचवता त्यातला चांगला वाटा शेवटच्या शंभर फुटांत हमालीत जातो.

फिशप्लेट:
@गाठवाला, हमालीचा मुद्दा बिनतोड. पण कॅल्थ्रॉपला तो दिसत नव्हता असं नाही. बार्शीनंतर त्याने इंग्लंडात स्टॅफर्डशायरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड लाईनचं काम केलं. १९०४ ला सुरू झाली, सव्वाआठ मैल, गेज हाच अडीच फुटांचा, इंजिनं पुन्हा किटसनचीच, २-६-४ टँक. तिथे त्याने वाहक डबे वापरले: नॅरोगेजच्या बसक्या गाड्यावर मोठ्या गेजचा अख्खा भरलेला डबा चढवायचा आणि तसाच गावापर्यंत न्यायचा. फलाटावर उतरवाउतरवच नाही.

लोको_शेड:
हे बार्शीला जमलं नसतं. ब्रॉडगेजचा भरलेला चार-चाकी डबा आणि खालच्या गाड्याचं वजन मिळून चार ॲक्सलवर २० टनांत बसवणं कठीण. शिवाय ब्रॉडगेजचा डबा रुंद आणि उंच, तो अडीच फुटी रुळावर चढवला की गुरुत्वमध्य वर जातो, वळणावर कलायची भीती. इंग्लंडातला स्टँडर्ड गेजचा डबा आपल्यापेक्षा लहान, म्हणून तिथे निभावलं. तीही लाईन १९३४ मध्ये बंद झाली ही वेगळी गोष्ट, तिच्यावर दुधाशिवाय फारसा मालच नव्हता.

(जाता जाता: हाच कॅल्थ्रॉप पुढे विमानातून उडी मारायच्या पॅराशूटच्या मागे लागला. 'गार्डियन एंजल' हे त्याचंच. बार्शीच्या माणसाने हे माहीत असल्याचा आव आणायला हरकत नाही.)

सांधेवाला:
रूळ आणि खालच्या मातीबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून लिहितो. हलक्या रुळाची लाईन बांधायला स्वस्त, राखायला नाही. हा सौदा समजून घेतल्याशिवाय पाच टनांची स्तुती अपुरी आहे.

पहिलं म्हणजे गेजचं गणित. ७६२ मिलिमीटरवर एक रूळ दुसऱ्यापेक्षा १० मिलिमीटर खचला तर गाडी जेवढी कलते, तेवढी कलायला ब्रॉडगेजवर २२ मिलिमीटर खचावं लागतं. ब्रॉडगेजवर जे चालून जातं ते इथे दुरुस्तीच्या यादीत पहिलं. त्यात सात फुटी डबा अडीच फुटांवर उभा, म्हणजे डोलणं आधीच जास्त. रूळपातळी दर काही पावलांवर तपासणं, सांध्याजवळ तर प्रत्येक स्लीपरला, हे गँगचं रोजचं काम.

दुसरं, वळणावरचा उठाव. बाहेरचा रूळ किती उचलायचा त्याचं सूत्र: दोन रुळांच्या मध्यांतलं अंतर गुणिले वेगाचा वर्ग, भागिले १२७ गुणिले त्रिज्या. नॅरोगेजला अंतर ०.८ मीटर धरा, वेग ताशी ३० किलोमीटर, त्रिज्या २०० मीटर. येतात २८ मिलिमीटर. ब्रॉडगेजला हेच ६२ येतात. २८ मध्ये ५-७ मिलिमीटरची चूक म्हणजे पाव हिस्सा चूक. आणि ताशी ३० साठी दिलेल्या उठावावर मालगाडी ताशी १० ने रखडत गेली तर सगळा भार आतल्या रुळावर, तो झिजतो आणि त्याचे खिळे उपटतात.

तिसरं आणि सगळ्यात त्रासाचं, काळी माती. बार्शी–माढा पट्टा ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. पावसात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात. भरावावर सरळ खडी टाकली तर पहिल्याच पावसाळ्यात खडी खाली जाते आणि चिखल वर येतो. गाडी जाताना स्लीपर पंपासारखा खालीवर होतो आणि दर फेरीला आणखी चिखल उपसतो. उपाय जुनाच: काळी माती आणि खडी यांच्या मधे मुरमाचा थर, चांगला दाबून, दोन्ही बाजूंना उतार देऊन. बाजूची गटारं पावसाआधी साफ. गटार तुंबलं की पाणी भरावाच्या पायाशी मुरतं आणि मग वरून कितीही खडी ओता, फरक पडत नाही.

चौथं, सांधे. १५ किलोचा रूळ लवचीक, फिशप्लेटही (दोन रूळ जोडणारी पट्टी) हलकी. बोल्ट सैल राहिला की रुळाचं टोक दर चाकाला आपटून झुकतं. एकदा झुकलेलं टोक पॅकिंगने (स्लीपरखाली खडी ठासून) सरळ होत नाही, रूळ कापावा किंवा बदलावा लागतो. बोल्ट आवळायचे तेही बेतात. फार आवळले तर उन्हात रुळाला लांब व्हायला जागा मिळत नाही आणि रूळ बाजूला फेकला जातो. हलक्या स्लीपरवर हा धोका जास्त, कारण रुळाला धरून ठेवणारं वजनच कमी.

शेंगाचटणी:
@सांधेवाला, हा प्रतिसाद वेगळा जपून ठेवावा असा आहे. पंढरपूर फाट्यावर वारीच्या गर्दीचं काय करत? एवढ्याशा डब्यांत?

कुर्डुवाडी_जंक्शन:
वारीचा भार हा या लाईनचा दुसरा पाय. कापूस हंगामी, दिवाळीनंतर उन्हाळ्यापर्यंत. आषाढी नेमकी त्या काळात येते जेव्हा मालाचे डबे रिकामे उभे असतात. कार्तिकी मात्र हंगामाच्या तोंडावर येते, तेव्हा ओढाताण.

यात्रा-मेळ्याला झाकलेल्या मालडब्यांत माणसं बसवणं त्या काळी हिंदुस्थानात सगळीकडेच चालायचं, आणि त्याबद्दल तक्रारीही सगळीकडेच व्हायच्या. हवा नाही, बाक नाही, संडास नाही. इथे पुन्हा धागाकर्त्याचे पाच टन येतात. सगळे सांगाडे एका मापाचे आणि सगळ्यांचा ॲक्सल लोड एकच, त्यामुळे कुठलाही डबा कुठल्याही गाडीला लावा, रुळाला आणि पुलाला काही फरक नाही. माणसांनी डबा खच्चून भरला तरी वजन मालापेक्षा कमीच. २५ बाय ७ म्हणजे १७५ चौरस फूट. माणशी तीन चौरस फूट धरले तर ५८ माणसं, सामानासकट चार टनांच्या आसपास. १५ टनांची ताकद असलेल्या डब्याला हे काहीच नाही.

अडचण वजनाची नव्हती, फेऱ्यांची होती. एकेरी लाईन, समोरासमोरच्या गाड्या फक्त लूप (गाडी बाजूला घ्यायची जोडलाईन) असलेल्या स्टेशनवर ओलांडणार. गाडी लूपपेक्षा लांब झाली की ओलांडताच येत नाही. म्हणजे डबे कितीही जोडता आले तरी लांबी लूप ठरवतो, आणि दिवसाच्या फेऱ्या दोन लूपांमधलं सगळ्यात लांब अंतर ठरवतं. एकादशी उलटली की सगळ्यांना एकाच दिवशी परत जायचं असतं. तेव्हा पंढरपूरला रिकामे डबे पाठवत राहायचे आणि भरलेले आणत राहायचे, अर्धी ताकद रिकामं ओढण्यात.

गाठवाला:
आता माझा मूळ मुद्दा पुढे नेतो. पाच टनांनी लाईन जन्माला घातली, आणि पाच टनांनीच तिला मोठं होऊ दिलं नाही.

जास्त ताकदीचं इंजिन हवं? ॲक्सल वाढवा, म्हणजे लांबी वाढते, वळणावर बसत नाही. वजन वाढवा? रूळ बदला, मग गर्डर बदला. वेग वाढवा? हलका रूळ, आवळ वळणं, जागोजागी वेगमर्यादा. १८९७ मध्ये स्पर्धा बैलगाडीशी होती. ताशी १५ मैल धरले तरी २१ मैलांना दीड तास, बैलगाडीला त्यातच मुक्काम पडायचा. १९५०-६० नंतर स्पर्धा ट्रकशी आणि एसटीशी. ट्रक बार्शीच्या पेठेत माल भरतो आणि मुंबईच्या गोदामाच्या दारात उतरवतो. मधे कुर्डुवाडीचा फलाट नाही, हमाली नाही, तुटीचं भांडण नाही. माल आधी गेला, मग तिकीटवाले. नॅरोगेज मेली ती फलाटावर.

फिशप्लेट:
इथे मात्र मी पूर्ण सहमत नाही. पाच टनांची लाईन नसती तर काय असतं? तिथे ब्रॉडगेज नसती, काहीच नसतं. जीआयपीला १८८०च्या दशकात तिथे लाईन टाकाविशी वाटली नाही याचं कारण तेच. २१ मैलांच्या मालावर ब्रॉडगेजचं व्याज सुटत नव्हतं. बदली फलाटाचा खर्च हा न बांधलेल्या ब्रॉडगेजच्या खर्चाशी ताडून बघायला हवा. आणि लाईन पुढे लातूरपर्यंत आणि मिरजेपर्यंत वाढली ती पहिल्या २१ मैलांनी पैसे दिले म्हणूनच. मिरजेला तर काही काळ तिन्ही गेज एका आवारात होते.

चूक झाली असेल तर पुढची: १९५४ नंतर गेजबदल करायचा की नाही हे ठरायलाच अर्धं शतक गेलं. तोवर माल रस्त्याने गेला होता.

नकाशेबाज:
गेजबदल म्हणजे रूळ सरकवून रुंद करणं असा अनेकांचा समज असतो, म्हणून थोडं.

आपल्या रेल्वेच्या नियमात ७६२ मिलिमीटरला ४० अंशांपर्यंत वळण चालतं, म्हणजे त्रिज्या साधारण ४४ मीटर. ब्रॉडगेजला कमाल १० अंश, त्रिज्या १७५ मीटर, आणि नवीन लाईन आखताना तर याहून कितीतरी सपाट वळण घेतात. म्हणजे जिथे जुनी लाईन ओढ्याला वळसा घालून जाते तिथे नवी सरळ पुलावरून जाणार. ब्रॉडगेज भरावाची माथ्यावरची रुंदी एकेरी लाईनला ६.८५ मीटर होती, पुढे ती आणखी वाढवली. नॅरोगेजचा भराव त्याच्या निम्म्याच्या आसपास. पुलांचं तर विचारायलाच नको, ५ टनांसाठी बांधलेल्या गर्डरवर २२.९ टनांचा ॲक्सल. एकही कामाचा नाही. थोडक्यात, जुन्यातून उपयोगी पडते ती रेल्वेची जमीन आणि स्टेशनांच्या जागा, तीही सगळीकडे नाही.

आधी कुर्डुवाडी–पंढरपूर झालं. मग लातूर–धाराशिव (तेव्हाचं उस्मानाबाद) सप्टेंबर २००७ मध्ये आणि धाराशिव–कुर्डुवाडी ऑक्टोबर २००८ मध्ये. पंढरपूर–मिरज सगळ्यात शेवटी. जुनी लाईन धाराशिव शहराला शिवत नव्हती. ब्रॉडगेज करताना मार्ग वळवून शहर जोडलं. त्यामुळे जुन्या-नव्या मार्गातला सगळ्यात मोठा फरक पांगरी–येडशी पट्ट्यात दिसतो. याउलट कुर्डुवाडी–बार्शी भागात, म्हणजे मूळ २१ मैलांत, जमीन बरीच सपाट. तिथे दोन्ही मार्ग जवळजवळ चालतात आणि वळणं सरळ केलेल्या ठिकाणीच जुना भराव सुटा सापडतो.

शेंगाचटणी:
हा सुटा भराव शोधायचा कसा? उपग्रह नकाशात शेताचे बांध आणि जुनी लाईन सारखीच दिसतात.

नकाशेबाज:
सारखी दिसत नाहीत. बांध मोडत-मोडत, काटकोनात वळतो. रूळ कधीच कोपरा घेत नाही. लांब सरळ रेषा आणि तिला जोडून सारख्या त्रिज्येचं गुळगुळीत वळण दिसलं की ती लाईन किंवा कालवा. कालवा उंचीच्या रेषेला धरून सतत नागमोडी जातो, लाईन दोन वळणांमधे सरळ धावते.

क्रम असा ठेवा. सर्व्हे ऑफ इंडियाची जुनी टोपोशीट (भूनकाशा) घ्या, तीवर नॅरोगेज वेगळ्या खुणेने दाखवलेली असते. तिच्यावरून रस्त्याची फाटकं, ओढ्यावरच्या मोऱ्या आणि स्टेशनं एवढेच बिंदू उचला, कारण हे बिंदू जागचे हलत नाहीत. ते उपग्रह नकाशावर टाका आणि मधला भाग जोडा. पक्कं करायचं तर भूमी अभिलेखचा गाव नकाशा: रेल्वेची पट्टी गट नंबरांना छेदत जाते, आणि लाईन उठल्यावरही गटांच्या हद्दी त्याच तिरप्या कापलेल्या राहतात. पाच-सहा गट एकाच तिरक्या रेषेने कापलेले दिसले की शंका घेऊ नका.

पावसाळा संपल्यावर, पिकं उभी असतानाचं चित्र घेतलं तर मुरमाच्या पट्टीवरचं पीक आजूबाजूपेक्षा फिकं दिसतं. काळ्या मातीत मुरूम लपत नाही. उन्हाळ्यातल्या चित्रात सगळंच भुरकं.

सांधेवाला:
जागेवर गेल्यावर मोरी बघा. नॅरोगेजची मोरी माथ्यावर अरुंद असते, बैलगाडी जेमतेम जाईल एवढी, आणि दोन्ही तोंडांच्या भिंती घडीव दगडाच्या. पाटबंधाऱ्याच्या मोरीला सहसा कठडा किंवा दाराची खाच असते, रेल्वेच्या मोरीला नसते. माथ्यावर खडी उकरली तर काळा फत्तर मिळतो, एकसारखा फोडलेला. शेतरस्त्यावर कुणी तसा टाकत नाही.

फक्त एक: यातली बरीच जमीन अजूनही रेल्वेच्या नावावर आहे, काही ठिकाणी वहिवाटीला लागली आहे. शेतात शिरायच्या आधी विचारा, आणि खिळा किंवा प्लेट सापडली तर उचलून घरी नेऊ नका. रेल्वेच्या मालावर स्वतंत्र कायदा आहे आणि तो भंगाराच्या दुकानापर्यंत पोचतो.

गाठवाला:
@नकाशेबाज, बार्शी टाऊनच्या जुन्या आवारातून प्रेसांकडे जाणाऱ्या सायडिंग (माल भरायच्या आडलाईनी) टोपोशीटवर दिसतात का? त्या मिळाल्या तर कुठल्या प्रेसचा माल थेट डब्यात पडायचा आणि कुणाला आवारापर्यंत बैलगाडी लागायची हे ठरवता येईल.

नकाशेबाज:
एक इंच–एक मैलाच्या शीटवर एवढ्या लहान सायडिंग गाळतात. त्यासाठी शहराचा सिटी सर्व्हे नकाशा काढा, नगर भूमापन कार्यालयात नक्कल मिळते. प्रेसच्या प्लॉटची एक बाजू गोलाकार कापलेली असेल तर तिथे सायडिंग होती. सरळ असेल तर बैलगाडी.